१२९ अंकी कुलूप आणि सतरा वर्षांची पैज

एका संख्येचे दोन अवयव पाडा, एवढाच प्रश्न होता. शाळेत पाचवी-सहावीत प्रत्येकाने असे प्रश्न सोडविलेले असतात. १५ म्हणजे ३ × ५, ९१ म्हणजे ७ × १३. परंतु ऑगस्ट १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या अमेरिकी मासिकात छापून आलेली संख्या १२९ अंकी होती. ती कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार झाली, हे शोधून काढणाऱ्यास १०० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. हे काम पार पडायला त्या काळच्या उत्तम संगणकालाही चार कोटी अब्ज वर्षे लागतील, असा अंदाज त्यासोबत देण्यात आला होता. प्रत्यक्षात उत्तर सतरा वर्षांच्या आतच मिळाले.

आज आपण घरबसल्या बँकेचे व्यवहार करतो, रेल्वेचे तिकीट काढतो, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतो. या साऱ्या व्यवहारांमागे जी गुप्तता उभी आहे, तिचा मोठा भाग याच जातीच्या संख्यांवर विसंबून राहिलेला आहे. म्हणूनच 'आरएसए-१२९' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संख्येची कहाणी केवळ गणितज्ञांपुरती उरत नाही. ती संख्या अशी :

११४३८१६२५७ ५७८८८८६७६६ ९२३५७७९९७६ १४६६१२०१०२ १८२९६७२१२४ २३६२५६२५६१ ८४२९३५७०६९ ३५२४५७३३८९ ७८३०५९७१२३ ५६३९५८७०५० ५८९८९०७५१४ ७५९९२९००२६ ८७९५४३५४१

(वाचण्याच्या सोयीसाठी दहा-दहा अंकांचे गट केले आहेत, संख्या मात्र सलग एकच आहे.)

परार्धाच्याही पलीकडे

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दहा, शंभरपासून सुरू होणारी स्थानांची नावे परार्धापाशी येऊन थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, अर्थात अठरा अंकी संख्या. आपली संख्या त्याच्या कितीतरी पुढे, १२९ अंकांपर्यंत जाते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या साधारण ८१ अंकी असावी, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे या संख्येइतक्या वस्तू मोजायच्या म्हटल्या, तर विश्वातील अणूही अपुरे पडतील.

मोठेपणा हा मात्र तिचा खरा गुण नव्हे. एकावर १२८ शून्ये दिली तरी १२९ अंकी संख्या होते आणि तिचे अवयव लहान मूलही सांगेल. त्यात २ आणि ५ यांखेरीज काही नाही. आरएसए-१२९ चे वैशिष्ट्य असे, की तिला लहान अवयवच नाहीत. तिचा शेवटचा अंक १ आहे, त्यामुळे २ किंवा ५ ने भाग जात नाही. तिच्या सर्व अंकांची बेरीज ६२० येते. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून मूळ संख्येलाही जात नाही. ७, ११, १३ असे करत कितीही पुढे गेले तरी हाती काही लागत नाही. कारण तिचे दोनच अवयव आहेत, एक ६४ अंकी व दुसरा ६५ अंकी, आणि ते दोन्ही मूळ आहेत. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही अशी संख्या.

एकेक विभाजक तपासत जायचे ठरविले तर काय होईल? दर सेकंदाला शंभर कोटी विभाजक तपासणारा संगणक घेतला, तरी या कामाला लागणारा वेळ सेकंदांत लिहिताना ५५-५६ अंक लागतील. विश्वाचे आजवरचे वय सेकंदांत लिहायला मात्र १८ अंक पुरतात.

जाणे सोपे, परतणे अवघड

दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करणे सोपे आहे. ६४ अंकी आणि ६५ अंकी संख्यांचा गुणाकार चिकाटीचा माणूस कागद-पेन्सिल घेऊन एका दिवसात करू शकेल. संगणकाला तर क्षणही लागत नाही. परंतु केवळ गुणाकार हाती असताना त्यावरून मूळचे दोन अवयव शोधणे अतिशय कठीण. याच विषमतेचा उपयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथील रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी १९७७ मध्ये करून घेतला. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत 'आरएसए' म्हणून ओळखली जाते. ब्रिटनच्या गुप्तवार्ता विभागातील क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्येच तत्त्वतः हीच पद्धत शोधली होती. मात्र ती गोष्ट गोपनीय राहिली आणि १९९७ मध्ये उजेडात आली.

तोवर गुप्त संदेश पाठविण्याची रीत अशी होती, की पाठविणारा आणि घेणारा या दोघांकडेही एकच किल्ली हवी. ती किल्ली आधी कोणीतरी सुरक्षितपणे पोहोचवायला हवी. अनोळखी ग्राहक आणि दूरची बँक यांच्यात हे कसे साधणार? आरएसएने किल्लीचे दोन भाग केले. कुलूप लावण्याची किल्ली जगजाहीर करायची, उघडण्याची किल्ली स्वतःपाशी ठेवायची.

छोट्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. तो जाहीर करा आणि त्यासोबत ३ हा 'घात'ही जाहीर करा. आता कोणाला ४ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा आहे. त्याने ४ चा घन करावा : ६४. त्याला ३३ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे ३१, पाठवावी. वाटेत कोणी हा ३१ पाहिला तरी त्याला त्यातून काही बोध होत नाही. घेणाऱ्याकडे ७ हा गुप्त घात आहे. तो ३१ चा सातवा घात काढतो, २७५१२६१४१११, आणि त्याला ३३ ने भागतो. बाकी उरते ४. संदेश पोहोचला.

हा ७ आला कोठून? ३ आणि ११ मधून प्रत्येकी एक वजा करून गुणाकार केला, २ × १० = २०. ज्या संख्येला जाहीर घाताने, म्हणजे ३ ने, गुणल्यावर येणाऱ्या उत्तराला २० ने भागले असता १ उरतो, ती संख्या ७. याचा अर्थ, जो ३३ चे अवयव पाडू शकतो तो ७ शोधू शकतो. ३३ च्या बाबतीत हे कोणीही करील. १२९ अंकी संख्येच्या बाबतीत ते कोणाला जमणार नाही, असा तिघांचा विश्वास होता.

गार्डनर यांचे सदर आणि बक्षीस

ही पद्धत सर्वसामान्य वाचकांपर्यंत प्रथम पोहोचविली ती मार्टिन गार्डनर यांनी. 'सायंटिफिक अमेरिकन'मधील त्यांचे गणिती करमणुकीचे सदर जगभर वाचले जाई. मराठी वाचकांना या सदराची आणखी एक ओळख आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या संख्यांवरील संशोधनाची दखल गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये याच सदरात घेतली आणि कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी त्याच सदरात आरएसए-१२९ अवतरली.

आव्हान असे होते. इंग्रजी अक्षरांना ०१ ते २६ असे क्रमांक आणि दोन शब्दांमधील मोकळ्या जागेला ०० देऊन एक वाक्य आकड्यांत लिहिले गेले. त्याचा ९००७ वा घात काढून, त्याला आरएसए-१२९ ने भागून उरलेली बाकी सदरात छापण्यात आली. वाचकाने मूळ वाक्य शोधायचे. चार कोटी अब्ज वर्षांचा अंदाज रिव्हेस्ट यांचा होता. हा काळ विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे २९ लाख पट भरतो.

अवयव पाडण्याची युक्ती

हा अंदाज चुकला, त्यामागे पहिले कारण गणिताचे. एकेक विभाजक तपासण्यापेक्षा चांगला मार्ग सतराव्या शतकात पिएर द फर्मा यांनी दाखविला होता. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली, की तिचे अवयव आपोआप मिळतात. उदाहरणार्थ, २४१९ = ५०चा वर्ग − ९चा वर्ग. म्हणून २४१९ = (५० − ९) × (५० + ९) = ४१ × ५९. शाळेतील बीजगणिताचे हे नेहमीचे सूत्र आहे.

प्रत्येक संख्येच्या बाबतीत अशी जोडी लवकर सापडत नाही. २१५९ ही संख्या घ्या. ४७ च्या वर्गातून, म्हणजे २२०९ मधून, २१५९ वजा केले तर ५० उरतात. ५० हा पूर्ण वर्ग नाही. ४९ च्या वर्गातून वजा केले तर २४२ उरतात. तोही पूर्ण वर्ग नाही. परंतु ५० × २४२ = १२१००, आणि हा ११० चा वर्ग आहे! दोन अपुऱ्या गोष्टी एकत्र येऊन एक पुरी झाली. आता ४७ × ४९ = २३०३. त्यातून ११० वजा केल्यास २१९३. २१९३ आणि २१५९ यांचा महत्तम साधारण विभाजक काढला तर तो १७ येतो. २१५९ ला १७ ने भागले की १२७ मिळतात. उत्तर : १७ × १२७.

अशा अपुऱ्या तुकड्यांचा साठा करून त्यांतून जुळणारे निवडण्याची पद्धतशीर रीत, 'क्वाड्रॅटिक सीव्ह' म्हणजे वर्गांची चाळणी, कार्ल पॉमरन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. या रीतीचा मोठा फायदा असा, की तुकडे गोळा करण्याचे काम हजारो संगणकांत वाटून देता येते. एकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

सहाशे स्वयंसेवक, सोळाशे संगणक

दुसरे कारण आंतरजालाचे. १९९३ च्या उत्तरार्धात डेरेक अॅटकिन्स, मायकेल ग्राफ, पॉल लेलँड आणि आर्यन लेन्स्ट्रा या चौघांनी ई-मेलवरून मदतीचे आवाहन केले. वीसहून अधिक देशांतील सुमारे सहाशे जणांनी आपल्या संगणकांचा रिकामा वेळ देऊ केला. साध्या घरगुती संगणकापासून महासंगणकापर्यंत सुमारे सोळाशे यंत्रे कामाला लागली. ५ लाख २४ हजार ३३९ लहान मूळ संख्यांचा संच आधाराला घेऊन तुकडे गोळा होऊ लागले आणि ई-मेलने येऊ लागले. आठ महिन्यांत ऐंशी लाखांहून अधिक तुकडे जमा झाले. त्यांतून जुळणी शोधण्याचे अखेरचे काम मात्र एकाच मोठ्या समांतर संगणकावर झाले. त्याला ४५ तास लागले. एप्रिल १९९४ मध्ये उत्तर जाहीर झाले :

पहिला अवयव : ३४९०५२९५१० ८४७६५०९४९१ ४७८४९६१९९० ३८९८१३३४१७ ७६४६३८४९३३ ८७८४३९९०८२ ०५७७

दुसरा अवयव : ३२७६९१३२९९ ३२६६७०९५४९ ९६१९८८१९०८ ३४४६१४१३१७ ७६४२९६७९९२ ९४२५३९७९८२ ८८५३३

वाचकांना या उत्तराचा नवाचा ताळा घरी पाहता येईल. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३२५, तिच्या अंकांची बेरीज १०, म्हणजे अखेर १. दुसऱ्याची बेरीज ३४१, म्हणजे ८. त्यांचा गुणाकार ८. आणि आरएसए-१२९ च्या अंकांची बेरीज ६२०, म्हणजेही ८. ताळा जुळतो. ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच आहे असे सिद्ध होत नाही, पण तो जुळला नसता तर चूक निश्चित ठरली असती.

अवयव मिळताच गुप्त घात मिळाला आणि सतरा वर्षे बंद असलेले वाक्य उघडले : 'द मॅजिक वर्ड्स आर स्क्वीमिश ऑसिफ्रेज'. ऑसिफ्रेज हे हाडे फोडून खाणाऱ्या, हिमालयातही आढळणाऱ्या दाढीवाल्या गिधाडाचे जुने इंग्रजी नाव. त्याला किळसवाणे वाटते, अशा अर्थाचे हे मुद्दाम निरर्थक ठेवलेले शब्द होते. बक्षिसाचे १०० डॉलर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला देण्यात आले.

त्यानंतर हे काम सतत सोपे होत गेले. २०१५ मध्ये हीच संख्या भाड्याच्या संगणकांवर सुमारे एका दिवसात आणि ३० डॉलरच्या आसपास खर्चात फोडून दाखविण्यात आली.

मग आपले व्यवहार सुरक्षित कसे?

एक कुलूप तुटले म्हणून पद्धत मोडीत निघाली नाही. कुलपे मोठी झाली. या पद्धतीत आज सामान्यतः २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या वापरतात. यापूर्वीच्या नोंदी पाहिल्या तर १९९९ मध्ये १५५ अंकी, २००९ मध्ये २३२ अंकी आणि फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आव्हान-संख्येचे अवयव पाडले गेले. अंक वाढतील तसे काम झपाट्याने वाढत जाते, त्यामुळे ६१७ अंकांपर्यंतचे अंतर अजून मोठे आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे व तुलनेने लवकर ठरविण्याची रीत शोधली. जगभर तिचे कौतुक झाले. त्यामुळे गुप्तलेखनाची पद्धत धोक्यात आली, असा समज काहींचा झाला. परंतु संख्या मूळ नाही हे कळणे आणि तिचे अवयव कळणे या भिन्न गोष्टी आहेत. आरएसए-१२९ मूळ नाही हे क्षणात सिद्ध करता येते. त्याने अवयवांचा पत्ता लागत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. अवयव पाडणे मुळातच कठीण आहे, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. कोणाला सोपी रीत सापडलेली नाही, एवढाच या सुरक्षिततेचा आधार. ज्या १९९४ साली आरएसए-१२९ फुटली, त्याच वर्षी पीटर शोर यांनी क्वांटम संगणकावर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडण्याची रीत मांडली. असा पुरेसा मोठा व निर्दोष चालणारा संगणक अद्याप तयार झालेला नाही. मात्र त्याचे अंदाज खाली येत आहेत. २०४८ बिटांची संख्या फोडायला दोन कोटी क्युबिट लागतील, असे २०१९ मधील एका शोधनिबंधात म्हटले होते. त्याच्या लेखकांपैकी क्रेग गिडनी यांनीच २०२५ मध्ये हा आकडा दहा लाखांच्या आत आणला. हे कागदावरचे हिशेब आहेत. परंतु १९७७ चा अंदाजही कागदावरच होता.

म्हणूनच तयारी सुरू झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या गुप्तलेखन पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६ हजार ३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. सुरक्षित दळणवळण हा तिचा एक भाग आहे.

बँकेतला आजचा व्यवहार उद्या जुना होतो. तो वीस वर्षांनी कोणी वाचला तर फारसे बिघडत नाही. परंतु वैद्यकीय नोंदी, संरक्षणविषयक पत्रव्यवहार, ओळखीची कागदपत्रे यांची गुप्तता अनेक दशके टिकायला हवी. आज पळवून साठविलेला मजकूर उद्याच्या यंत्रावर उघडण्याचा धोका तेथे खरा आहे. सामान्य ग्राहकाने यासाठी नवे गणित शिकण्याची किंवा घाबरून जाण्याची आवश्यकता नाही. कुलपे बदलण्याचे काम बँका, सरकारी खाती व संगणक कंपन्यांचे आहे, आणि हे बदल संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या प्रणालीत वेळोवेळी येणाऱ्या सुधारणांमधूनच आपल्यापर्यंत पोहोचतात. त्या सुधारणा 'नंतर पाहू' म्हणून न टाळणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.